वैरणीपुरती थांबलेली ओवी

माझी ओवी मला भर रस्त्यात भेटली तेव्हा माझ्या डोक्यावर मालकांच्या भाकरीची पाटी होती. मालक म्हणजे माझे यजमान. ते स्टेशनाकडच्या कापडगिरणीत कामाला होते आणि आम्ही औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहत होतो. रोज दुपारी मी भाकरी घेऊन निघायची, खाली मान घालून. मान वर केली की कुणीतरी काहीतरी विचारील, अशी भीती मला गावाहून आल्यापासून लागलेली. कोपऱ्यावर चहाचं हॉटेल होतं. तिथं हॉटेलवाल्यानं नवा फोनो आणला होता, भलाथोरला पितळी कर्णा असलेला. त्यातनं कुणाकुणाचं गाणं चालायचं आणि मी पदर पुढं ओढून झपाझप जायची.

त्या दिवशी कर्ण्यातनं आलं:

वाट बघूनी बघूनी, डोळ्याची झाली पाणंद
येती दुसऱ्याचे बैल…

आणि गाणं थांबलं. जरासंच. मग पुढं आलं:

…माझ्या कानाला आनंद.

माझे पाय तिथंच रुतले. मागनं टांगेवाला ओरडला, "अरे बाई, रस्ता क्या तेरे बाप का है?" तरी हलले नाही. कारण ती ओवी माझी होती. माझी म्हणजे मी रचलेली, माझ्या जात्यावर, पहाटेच्या अंधारात, दार लावून. आणि ती मधली थांब! तिथं मी थांबायची ती जात्यात वैरण घालायला. एक मूठ जोंधळा जात्याच्या तोंडात सोडायचा, खुंटा पुन्हा धरायचा आणि मग उरलेली ओळ म्हणायची. माझी आई तशीच थांबायची. फोनोत जातं नव्हतं, जोंधळा नव्हता, मूठ नव्हती, पेटी आणि तबला होता. पण गाणारीण माझ्या मुठीसाठी थांबली होती.

मग पुढची ओवी आली, तीही माझीच.

आईच्या माघारी, भावाचं आटलं पाणी
उंबऱ्यात उभी लेक, तिला विचारीना कुणी.

हॉटेलात बसलेले बाप्ये माना हलवत होते. एकजण म्हणाला, "क्या बात है!" आणि शेवटी, त्या काळच्या तबकड्यांत असायचं तसं, गाणारणीनं मोठ्यांदा आपलं नाव पुकारलं. नाव आमच्या शेजारणीचं होतं.

भाकरी गार झाली म्हणून मालक त्या दिवशी कुरकुरले. मी रिकामी पाटी उचलून परत फिरले.

आता हे का एवढं लागलं, ते सांगायचं तर जरा मागं जायला पाहिजे.

माझं माहेर नांदेडच्या पलीकडं, पैनगंगेच्या काठावर. तिथून औरंगाबाद म्हणजे आधी बैलगाडी, मग रेल्वे, मग पुन्हा रेल्वे. सारा निजामाचाच मुलूख, पण मला परदेश. गावच्या शाळेत मी भावाच्या मागं मागं जाऊन बसायची. शाळा उर्दूतली. अलिफ-बे गिरवलं, जरा कुठं अक्षर जुळायला लागलं, तर आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. आई गेली. वर्षाच्या आत लग्न उरकलं. आईवाचून पोरीला ठेवायची कुठं, असा सगळ्यांचा सवाल.

माहेरचा एक भाऊ, थोरला. आमच्याकडं नागपंचमीला भाऊ गाडी जुंपून बहिणीला न्यायला येतो. माझा आला नाही. पहिल्या वर्षी पाऊस फार म्हणून, दुसऱ्या वर्षी बैल आजारी म्हणून, तिसऱ्या वर्षी कशामुळं ते निरोपातही नव्हतं. मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. भावाची कागाळी करणारी बहीण वाईट. सासरच्या माणसांना तर अशी गोष्ट आयती हवीच असते. मग पोटातलं कुठं घालायचं? जात्यात घातलं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी, मालक घोरत असताना, जात्याच्या घरघरीत मी भावाला काय काय म्हणून घ्यायची. दिवस उजाडला की पीठ डब्यात आणि ओवी गडप.

जात्यामागच्या पातळ भिंतीपलीकडं आपा राहायची. सारी आळी तिला आपा म्हणायची, म्हणून मीही. बेवा बाई, नवरा कधीच गेलेला, चाळिशीच्या पुढची, ढोलक वाजवून लग्नाघरी गाणारी. हळदीला, मेंदीला, बारशाला, मुसलमानाच्या घरी आणि आपल्याही. तिचे उपकार मी कुठवर सांगू! मी या शहरात आले तेव्हा पाणी कुठल्या नळावर भरायचं, कुठला दुकानदार मापात मारतो, कुठल्या गल्लीत एकटीनं जायचं नाही, हे सारं तिनं शिकवलं. मला हिवताप आला तेव्हा हीच उशाशी बसून होती. हिंदू दुकानातून रवा आणून त्याची पातळ कण्हेरी, आमच्याच भांड्यात, आमच्याच चुलीवर, माझ्याच देखत करायची. म्हणायची, "देख बेटी, मैंने हात धोया. तेरा धरम तेरे पास, बुखार मेरेकू दे." मालक लाजायचे आणि हसायचे.

अशी बाई. तिनं माझी ओवी नेली.

नेली हे मला कळायला हवं होतं. दोन महिन्यांखाली ती हैदराबादला जाऊन आली होती. तबकड्या काढणारा कुणी माणूस लग्नात तिचं गाणं ऐकून तिला घेऊन गेला होता. आल्यावर तिनं साऱ्या अंगणात जिलेबी वाटली. मला दोन वेढे जास्त दिले. मी म्हटलं, "आपा, मलाच का जास्ती?" तर म्हणाली, "तेरा हक है गे." मला वाटलं, मायेनं म्हणते. मी चाटूनपुसून खाल्ली होती ती जिलेबी. त्या दुपारी मला ते आठवलं.

संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडायला मला येत नाही. माझा आवाज आधी कापतो, मग जातोच. कसंबसं म्हटलं, "आपा, हॉटेलात… ते गाणं…"

तिचं तोंड फुललं. "सुनी तू? कैसा हुआ? पेटीवाला जरा घाई करतोय ना?"

"आपा, ती माझी ओवी होती."

"हौ, तेरीच तो थी," ती म्हणाली. जसं काय मी सांगितलं की आज सोमवार आहे.

चोर नाकबूल जातो, एवढं मला ठाऊक होतं. चोरानं हसून कबूल केल्यावर काय करायचं असतं?

"मग तुम्ही न विचारता…"

"अरे, मैंने कान पकडा था!" ती चकित होऊन म्हणाली. "कर्ण्यासमोर उभी राहिले, पहिले कान पकडा, दिल में तेरा नाम लिया, फिर मुँह खोली. पूछ ले पेटीवाले को!"

हे ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना. ही त्या गाणाऱ्या बायांची रीत. दुसरीचं गाणं म्हणायचं असेल तर आधी आपल्या कानाच्या पाळीला बोट लावायचं आणि ते जिचं तिचं नाव घ्यायचं. मांडवातल्या बायांना दिसतं, कळतं, की हे हिचं नाही, अमकीचं आहे. न लावता म्हटलं तर चोरी. आपा या बाबतीत लई कडक. एकदा देवगाव रंगारी या गावी एका लग्नात मी तिच्याबरोबर गेले होते, पाहुण्यांतल्या ओळखीनं. तिथं दुसऱ्या एका गाणारणीनं आपाचं हळदीचं गाणं कानाला बोट न लावता म्हटलं. आपा उठली, त्या बाईची ढोलक ओढली आणि सरळ ढोलकीवरच जाऊन बसली. "बोल किसका है! नहीं तो हळद कोरडीच लागेल आज!" नवरी पाटावर, हळद वाटीत, आणि आपा ढोलकीवर. शेवटी त्या बाईनं भर मांडवात नाव घेतलं तेव्हा कुठं आपा उठली.

अशी ही आपा फोनोच्या कर्ण्यापुढंही कान धरून उभी राहिली होती. गाणं भरून घेणाऱ्या मेणाच्या तव्याला डोळे नसतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मी म्हटलं, "आपा, तबकडीत कान धरलेला दिसत नाय हो."

तिचा हात कानाकडं गेला आणि तिथंच राहिला. हळूच म्हणाली, "या अल्ला." तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात माझाच राग निम्मा झाला आणि त्याचाही मला राग आला.

आत जाऊन तिनं कपड्यांच्या पेटीतनं चांदीच्या तोरड्या काढल्या. "ये तेरे. तिकडून आणल्या तेव्हापासून ठेवल्यात. मोठ्या सणाला देणार होते. त्या माणसानं एकदाच काय दिलं ते दिलं, पुढं तबकडी जन्मभर वाजो, मेरेकू क्या. पण जे दिलं त्यात हे तेरा."

मी हात मागं घेतले. "नको. भावावर रडले त्याच्या तोरड्या पायात घालू? मग मी भावाला विकल्यासारखंच की."

"विकलं मी. तू कायको?"

"पण मोल मी घेतल्यावर?"

तोरड्या तिच्या मांडीवर पडून राहिल्या.

घरी मालकांना सांगितलं तर ते आधी हसले. "अगं, ओवी का कुणाची असती? जात्याची ती. उद्या नदी म्हणंल माझं पाणी नेलं." मग माझं तोंड बघून म्हणाले, "लोकांना काय कळतंय तुझीच म्हणून? नाव तर तिचंय."

हेच तर मला कळत नव्हतं. नाव माझं नाही म्हणून राग यायचा, आणि नाव माझं असतं तर मी विहीर जवळ केली असती. कारण पैशाचं किंवा नावाचं सोडा, मला एकाच गोष्टीची धास्ती होती. भावानं ऐकलं तर? "भावाचं आटलं पाणी", हे मी त्याच्या तोंडावर मेले तरी म्हटलं नसतं. ते आता पितळी कर्ण्यातनं, चहाच्या कपागणिक, चारचौघांना सांगत सुटलं होतं. माहेरचा जो काही धागा उरला होता, तो यानं तुटणार. मग मी या शहरात खरोखरच एकटी.

पैनगंगेकाठी फोनो कुठला पोचणार, म्हणून मी स्वतःला समजावत होते. आणि श्रावणाच्या तोंडावर भाऊच इथं आला.

मला न्यायला नाही. गावकीच्या एका तंट्यात साक्ष होती, सुभ्याच्या कचेरीत. स्टेशनावर उतरून विचारत विचारत घरी आला. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर घोंगडी, हातात लाडवांचा डबा. मी पायाला हात लावला, पाणी दिलं. इतक्या वर्षांनी भाऊ दारात, आणि माझ्या मनात एकच: हा स्टेशनावरून आला. वाटेत ते हॉटेल लागतं.

मालक कामावर होते. तो भिंतीला टेकून बसला. इकडचं तिकडचं झालं. पीक, भाचरं, वहिनीचं दुखणं. मग म्हणाला, "तुमच्या कोपऱ्यावर चहा प्यालो. महाग की गं चहा शहरात."

मी परातीत पीठ घेतलं होतं. हात चालू ठेवले.

"तिथं एक गाणं लागलं व्हतं," तो म्हणाला. "कुण्या बाईचं. तिला भाऊ पंचमीला नेत नाय. कसला भाऊ असंल मेला! बहीण उंबऱ्यात उभी आणि ह्यो…" तो थांबला. "लई वाईट वाटलं बघ. एक आणा जास्ती देऊन पुन्हा लावाय लावलं. हॉटेलवाला म्हणाला, गावाकडचे समदे हेच मागतेत."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. माझी ओवी ऐकायला माझ्या भावानं आणा मोजला होता, आणि त्या वाईट भावाला शिव्या देत होता! ओरडून सांगावं असं वाटलं. गप्प बसावं असंही वाटलं. मी गप्प बसले. भीती नेहमी जिंकायची माझ्यात.

"आणिक एक," तो म्हणाला. आवाज जरा बदलला. "ती बाई मधीच थांबती. आईसारखी. आई दळताना थांबायची बघ, वैरण टाकाय. मी लहानपणी जात्यापाशीच झोपायचो. ती थांबली की मला जाग यायची आणि पुन्हा घरघर सुरू झाली की झोप. तसंच थांबती ती. मला वाटलं, आईच."

मी चुलीकडं तोंड केलं.

"तू दळतीस का गं अजून घरी? का इथं पीठ गिरणीतनं आणता?"

"दळते," मी म्हटलं.

तेवढंच बोलणं झालं. जेवला, मालकांशी बोलला, दाराजवळ घोंगडी टाकून आडवा झाला.

पहाटे मी उठले. पीठ नव्हतं, दळायलाच हवं होतं. जात्याशी बसले. ओवी म्हणायचीच नाही असं ठरवलं होतं. नुसतं दळायचं. पण नुसतं दळलेलं जातं जड लागतं. खुंटा ओढवेना. मग मी म्हणायला लागले, दुसरंच काहीतरी, भाच्यांचं, विठ्ठलाचं. जाग आलीय त्याला, हे मला पाठीला कळत होतं. आणि कसं झालं ठाऊक नाही, हाताच्या फेऱ्याबरोबर तीच आली. रोजची वाट बैलाला ठाऊक असते तसं झालं. "वाट बघूनी बघूनी…" म्हणून गेले. "येती दुसऱ्याचे बैल" म्हणाले आणि थांबले. मूठ जोंधळ्यात होती.

अंधारातनं त्याचा आवाज आला, अगदी हळू. "घाल वैरण. थांबलीस का?"

मी वैरण घातली. उरलेली ओळ काही केल्या तोंडातनं येईना. ती त्यानं म्हटली. गाता येत नाही त्याला, बोलल्यासारखी म्हटली. "माझ्या कानाला आनंद."

मग जातंही थांबलं.

"म्हणजे तो मेला भाऊ मीच," तो म्हणाला.

मी तोंडाला पदर लावला. "मी कुणाला सांगितलं नव्हतं रे. खरंच नाय. भिंतीनं ऐकलं."

तो उठून बसला. मालक जागे झाले होते पण जागे झाल्याचं दाखवत नव्हते. एवढं शहाणपण त्यांच्यात होतं. भाऊ घोंगडीच्या दशा ओढत बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, आई नाय, घरात तुला गोड लागणार नाय. तुझी वहिनी आजारी, करणारं कोण. उगं आणून तुला कामाला जुंपायचं. म्हणून टाळत गेलो. मग टाळायचीच सवय झाली." आणि एकदम: "गावात कुणी फोनो आणला म्हणजे?"

"नाव माझं नाय त्यात."

"काल नाव ऐकलं मी. बरं झालं, तुझं नाय ते."

मीही तेच म्हणाले, बरं झालं. महिनाभर ज्या नावासाठी मी जळत होते ते नाव नव्हतं म्हणून आम्हा दोघांची झाकली मूठ राहिली. म्हणजे आपानं केलं ते चांगलं केलं, असं नाही. चोरी ती चोरीच. भावानं मोजलेला तो आणा हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात गेला. आपाला त्यातलं काही नाही, मला काही नाही, आणि ज्या आईची ती थांब, तिला तर काय मिळणार! गाणं ऐकायला पैसा मोजावा की नाही, हे मला विचाराल तर मोजावा. पण तो कुणाच्या हातात ठेवायचा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट सांगता येत नाही.

साक्ष झाल्यावर भाऊ एकटा परत गेला नाही. "चल," म्हणाला. "पंचमी आठवड्यावर आली." मालकांनी मान हलवली. मी लुगडी बांधली.

निघताना आपा दारात आली. त्या दिवसापासून आम्ही फारसं बोललो नव्हतो. तिच्या हातात तोरड्या होत्या. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "गाण्याच्या नाहीत. मायके चली, खाली पाँव कैसी जाती?" आणि खाली बसून तिनं स्वतःच माझ्या पायात घातल्या. मोल म्हणून घेतल्या नसत्या. आहेर नाकारता येत नाही. तिला हे पक्कं ठाऊक होतं.

मग उठून, माझ्या भावाकडं एक नजर टाकून, डोळा मिचकावत म्हणाली, "अब भाई आया. वो वाली ओवी कब बनती?"

आणि आधीच कानाच्या पाळीला बोट लावून उभी राहिली.

मला हसू फुटलं. म्हटलं, "बनवीन आपा. पण ती दळायची, गायची नाय."

माहेरी, आईच्याच जात्यावर, ती मी केली. वैरणीला थांबले तेव्हा भाऊ ओसरीवर होता. ती ओवी आपाला मी पुढं कधी ऐकवली नाही, आणि इथंही लिहीत नाही.